नंबर घातलेला पाला

होटगीकडे जाणारी सकाळची पॅसेंजर सुटायला सहा मिनिटं होती, तेव्हा मी सोलापूर स्टेशनच्या बाकावर बसून पिशवीतल्या वस्तू तिसऱ्यांदा मोजत होतो. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा एक, कात्री एक, खुरपं एक, ओला पंचा एक, आणि दोरा ओवलेल्या कागदी चिठ्ठ्या तीस. चिठ्ठ्यांवर एक ते तीस आकडे मी आदल्या दिवशीच शाईनं घालून ठेवले होते. गरज चोवीसची होती. सहा जादा घेतल्या, एखादी भिजली-फाटली तर असावी म्हणून.

सोलापूर ते होटगी अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. प्रवासवर्णन लिहावं एवढा हा प्रवास नाही, हे मला कबूल आहे. पण वाईकडून मी सोलापुरात आलो त्याला बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात घर, कापडगिरणी आणि मंडई सोडून चौथ्या ठिकाणी पायी गेल्याचं मला आठवत नाही. गिरणीच्या टाइम ऑफिसात मी हजेरी कारकून आहे. कोण आला, कोण नाही, एवढं मला नेमकं सांगता येतं. येताना वाटेच्या कडेला काय उगवलं होतं, हे कुणी विचारलं असतं तर मी गप्प राहिलो असतो.

जाण्याचं कारण माझी मुलगी विजया. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. चाळीस जंगली रोपं मुळासकट वाळवून, कागदावर चिकटवून, नाव, ठिकाण आणि तारीख लिहून सोमवारी सकाळी दहाच्या आत द्यायची होती. ती दिली नाहीत तर प्रॅक्टिकलला बसता येणार नव्हतं, म्हणजे वर्ष वाया. तिची सोळा झाली होती. पुढची गोळा करणार तोच तिला कावीळ झाली, आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची बंदी केली.

इथपर्यंत दोष कुणाचाच नाही. पण वर्गातल्या इतर मुलींची चाळीस रोपं श्रावणातच झाली होती, कॉलेजच्या सहलीत. विजयाला त्या सहलीला मी जाऊ दिलं नव्हतं. "पालापाचोळा बघायला दोन दिवस गावाबाहेर कशाला?" असं मी म्हणालो होतो. ती काही बोलली नव्हती. अंथरुणात पडल्यावरही तिनं ते काढलं नाही. तिनं ते एकदा काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आठवडाभर वाटत होतं. रात्री झोप लागेना आणि दिवसा खुर्चीत बसवेना. शनिवारी जेवताना बायको म्हणाली, "अहो, तुमचा पाय केव्हाचा हलतोय. पाटाखालची फरशी निघेल." तेव्हाच मी सांगून टाकलं, "उद्या रविवार आहे. रोपं मी आणतो."

विजया हसली. आजारात पहिल्यांदाच. "अण्णा, तुम्ही? तुम्हाला कोथिंबीर आणि गाजराचा पाला ओळखता येत नाही."

"नाव तू शोध. मी फक्त गोळा करतो."

तिनं मला दोन गोष्टी बजावल्या. रोप मुळासकट, फुलासकट घ्यायचं, आणि उपटल्या उपटल्या जागेवरच वर्तमानपत्रात पसरून दाबायचं. बायकोनं दारात तिसरी सांगितली, "आज अमावास्या आहे. रुई-धोतऱ्याला हात लावू नका." तिसरी मी ऐकून सोडून दिली. दुसरीचं काय केलं ते पुढे येईलच.

होटगी हे जंक्शन. इंजिनांचा धूर, पाण्याचा मोठा नळ, आणि फाटे फुटलेले रूळ. स्टेशन मागे टाकून मी रुळाच्या कडेनं चालू लागलो आणि शंभर पावलांत गांगरलो. मला नावानं ओळखता येणारी रोपं तीन : रुई मारुतीमुळे, धोतरा महादेवामुळे, आघाडा गणपतीच्या पत्रीमुळे. बाकी सगळ्याला मी आजवर गवत म्हणत आलो होतो. आता खाली वाकून बघतो तर त्या गवतात एकाचं पान दुसऱ्यासारखं नाही. एकाला तोडल्यावर दूध येतं, एकाच्या देठाला लव, एकाचं फूल पिवळं आणि उंच बारीक दांडीवर एकटंच.

रुळाचे बोल्ट ठोकत एक गँगमन येत होता. मला ओणवं बघून थांबला.

"काय सायेब, काय पडलं का?"

"नाही. झाडं बघतोय."

त्यानं चहूकडे पाहिलं. "हितं कुटं झाडं? बोडकं रान हाय की."

"ही. पायाखालची."

"हां, गवत!" तो थोडा विचारात पडला. "बकरी पाळलीय जणू."

"नाही हो. मुलीच्या अभ्यासाला पाहिजेत."

"गवतासाठी तिकीट काढून आला!" हातोडा खांद्यावर टाकून तो हसत पुढे गेला. बराच लांब गेल्यावरही त्यानं एकदा वळून पाहिलं.

मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. परतीची गाडी तीन वाजून दहा मिनिटांची. एका रोपाला सात मिनिटं धरली तर चोवीस रोपांना दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पण उपटा, माती झाडा, बसा, कागद पसरा, पानं सरळ करा, बांधा, उठा, यात पहिल्याच रोपाला सतरा मिनिटं गेली. तेव्हा मी पद्धत बदलली. टाइम ऑफिसात आम्ही फाटकावर आधी सगळी हजेरीची तिकिटं गोळा करतो आणि रजिस्टर मागाहून एका बैठकीत भरतो. तसंच करायचं ठरवलं. रोप उपटायचं, नंबरची चिठ्ठी देठाला बांधायची, ओल्या पंच्यात टाकायचं. दाबणं शेवटी, सावलीत बसून, एकदम.

सव्वाअकराला माझ्याकडे सव्वीस रोपं होती, पहिलं कागदात आणि बाकीची पंचवीस पंच्यात. दोन जादा! मी खूश झालो. आता सावली पाहिजे होती, म्हणून रूळ सोडून शेताच्या वाटेला लागलो.

आणि तिथं काहीतरी विचित्र चाललं होतं. काळ्या रानात छातीएवढी ज्वारी उभी, मधे काटेरी करडई, खाली हरभरा. अशा दिवसांत शेतात एखादं-दुसरं माणूस दिसावं. इथं प्रत्येक शेतात अख्खं घर उतरलं होतं. नवी लुगडी, पटके, झाडाला बांधलेली लहानग्यांची झोळी, धूर. कुणीतरी मडक्यातून ताकासारखं काही पिकावर शिंपडत, मोठ्यानं आरोळी देत शेताला फेरी घालत होतं.

"ओ पाव्हणं! बर्री, बर्री!" (कानडीत, या या.) बांधावरून माझ्याच वयाचा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे असलेला शेतकरी हाक मारत होता.

"गाडी गाठायची आहे," मी चालता चालता म्हणालो.

"गाडी तीनाला हाय. आज येळवस हाय. आज रानावरनं कुणी उपाशी गेलं तर रान रुसतंय."

तेव्हा उलगडा झाला. येळवस म्हणजे येळअमावास्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागातले शेतकरी रानात जाऊन पूजा करतात आणि तिथंच जेवतात. दरवर्षी हा दिवस मला रजेच्या अर्जांवरून कळतो. निम्मं खातं रजा मागतं. त्या वर्षी येळवस रविवारी आली, अर्ज आलेच नाहीत, आणि पंचांग बघायची मला सवय नाही.

दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या माणसानं बोलणं थांबवून माझ्या हातातलं गाठोडंच घेतलं आणि चालू लागला. मला मागून जावंच लागलं. त्याचं नाव शिवलिंगप्पा.

शेताच्या मध्यावर ज्वारीच्या कडब्याची कोप (तात्पुरती खोपटी) उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. दाराशी तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं, आणि त्यापुढे सत्तरीपलीकडची एक बाई बसली होती, शिवलिंगप्पाची आई, नीलव्वा. "कुंद्री (बसा)," ती म्हणाली, आणि लगेच, "नको, आधी विहिरीवर पाय धुऊन या."

मी गाठोडं तिच्याजवळ ठेवून विहिरीवर गेलो. जाऊन येऊन दहा मिनिटं.

परत आलो तेव्हा पंचा उलगडून पसरलेला होता आणि रिकामा होता. काही पाला पातेल्यात गेला होता. थोडा बैलांच्या पुढ्यात पडला होता. रुई आणि धोतरा लांब बांधापलीकडे भिरकावलेले दिसत होते. आणि पंच्याच्या मधोमध माझ्या पंचवीस चिठ्ठ्या. नीलव्वा त्यांच्याकडे, विंचवाकडे बघावं तशी बघत होती. सुनेनं झोळीतलं पोर उचलून छातीशी धरलं होतं.

"पाव्हणं," शिवलिंगप्पाचा आवाज बदलला होता. "आमच्या घरची रीत हाय. येळवशीला जो येतो तो भज्जीत टाकाया मूठभर पाला आणतो. आव्वाला वाटलं तुमी आणला. पर तुमच्या पाल्यात रुई निघाली. धोतरा निघाला. आज अमुशा. आन् वर दोऱ्यात ह्या आकड्यांच्या चिठ्ठ्या. खरं सांगा, कुणी धाडलं तुमाला?"

त्यांना ती करणी वाटत होती, हे समजायला मला जरा वेळ लागला. आणि खरं सांगतो, समजल्या क्षणीही मनात पहिला विचार आला तो हाच, की बारा वाजायला सहा मिनिटं आहेत आणि माझ्याकडे कागदात दाबलेलं एकच रोप आहे.

मी सांगितलं ते सलग सांगता आलं नाही. मुलगी, कॉलेज, चाळीस, सोमवार दहा वाजता. कुणाचा चेहरा हलला नाही. मग म्हणालो, "पोरीला कावीळ झालीय, म्हणून मी आलो. श्रावणात तिला सहलीला मीच सोडलं नव्हतं."

नीलव्वानं मान वर केली. "कावीळ? डोळं पिवळं हायती अजून?"

"आहेत."

"किती दीस?"

"नऊ."

तिनं एक चिठ्ठी चिमटीत उचलली. "आन् ह्यो आकडा कशाला?"

"ओळखायला. मला नावं येत नाहीत."

"नाव ठावं न्हाई आन् नंबर घालतोय!" ती खदखदून हसली, मग सून हसली, मग शिवलिंगप्पा. "पाल्याची पण साळा असती व्हय रं, शिवलिंगा? मग मी तर मास्तरीण हाय की!"

"माझी रोपं, आजी…"

"शिजली की! अर्धी बैलानं खाल्ली. चल ऊठ, दुसरी हुडकू. आधी जेव."

"जेवलो तर गाडी जाईल."

"न जेवता गेलास तर मी जाऊ देत न्हाई. काय करतोस?"

मी जेवलो. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे आणि मिळेल तो हिरवा पाला डाळीच्या पिठात शिजवलेला घट्ट रस्सा. बरोबर बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे), तिळाची पोळी, आणि मडक्यातली आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं गार पेय. नीलव्वा वाढताना बोटानं दाखवत होती : ही पाथरी, ही घोळ, हा तांदुळजा. माझे चार, सात आणि बारा मी असे खाल्ले. चवीला चांगले होते. सातवा किंचित आंबट.

"आणि हे अकरा," मी एक पान ओळखून म्हणालो.

"अकरा कुटलं? ही पण पाथरीच. ही लहान हाय, ती म्हातारी. तुझं ते फुलं आलेलं एकोणीस का काय, ती बी पाथरीच."

मी हात थांबवला. एका माणसाची हजेरी तीनदा लागली होती. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं घडलं नव्हतं. हळूहळू तिनं चिठ्ठ्या आणि माझ्या वर्णनांवरून सगळा हिशेब उलगडला. माझी सव्वीस रोपं मुळात एकवीसच होती. सगळं सुखरूप घरी नेलं असतं तरी तीन कमी पडली असती, आणि ते सोमवारी सरांपुढे कळलं असतं.

एक वाजता आम्ही बांधावर उतरलो. नीलव्वा पुढे, मी, मागे वर्तमानपत्रं घेऊन शिवलिंगप्पा. म्हातारी कंबरेत वाकलेली असल्यामुळे तिचे डोळे मुळातच जमिनीजवळ होते. ती चालतच नव्हती, वेचत होती. दोन पावलांवर थांबायची, नाव सांगायची, आणि नावाबरोबर त्याचा स्वभाव. हे बैल खात नाहीत. हे खाल्लं की म्हशीच्या दुधाला वास येतो. ह्याचं बी लुगड्याला धरतं आणि गावभर फिरतं. यावेळी मी एकेक रोप तिथंच कागदात दाबत होतो.

"त्या दुष्काळात आमी खडी फोडाया जात हुतो," ती म्हणाली. दुष्काळ सरून तेव्हा तीन वर्षं झाली होती. "पोटाला कोरडं मिळायचं. ओलं कुटलं? सांजच्याला समद्या बायका पाझराच्या ओलीला हेच हुडकत फिरायच्या. ह्या घोळीनं माझी दोन नातवंडं जगवली. आन् तू म्हणतोस सात नंबर."

तिनं घोळीच्या शेंड्याशी नखानं काही टोकरलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "बघ. डबी हाय."

मी चष्मा काढून हात नाकाजवळ नेला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान अशी ती डबी होती, आणि तिला खरोखरच झाकण होतं. मधोमध गोल रेघ. नखाचं टोक लागताच टोपी अलगद निघाली आणि आत काळ्या चकचकीत बिया दाटीवाटीनं बसलेल्या. मी मोजू लागलो. एकतीसपर्यंत आलो आणि वाऱ्यानं सगळ्या उडाल्या. दुसरी डबी उघडली. पुन्हा वारा. तिसरी उघडताना शिवलिंगप्पा म्हणाला, "पाव्हणं, दोन वाजून गेलं."

तासभरात मी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. पंधरा झाली होती, नऊ बाकी. शेवटची नऊ आम्ही जवळजवळ पळत गोळा केली. सतरावं रोप, दुधी नावाचं, तर मी मातीच्या ढेकळासकटच कागदात कोंबलं. चोवीस होताच नीलव्वानं विहिरीकडेचा एक ऊस मोडून माझ्या काखेत दिला. "पोरीला चावाया दे. आन् डाक्तरचं औषध सोडू नको."

"येतो, आजी."

"येताना पाला आण," ती म्हणाली. "चिठ्ठ्या आणू नको."

स्टेशनपर्यंत शिवलिंगप्पा बरोबर धावत आला. फलाटावर पाऊल ठेवलं तेव्हा गाडी हलली होती. त्यानं गठ्ठा खिडकीतून आत दिला, माझ्या मागून ऊस आत ढकलला. तो एका प्रवाशाच्या टोपीला लागला आणि सोलापूर येईपर्यंत मी त्या गृहस्थांची माफी मागत होतो.

घरी विजया उशीला टेकून वाट बघत होती. एकेक कागद उघडत, भिंग लावून तिनं नावं वहीत उतरवली. मी शेजारी उभा. बसवत नव्हतंच. सोळा झाली, आणि सतराव्या कागदाशी ती थांबली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. पुन्हा एकाच रोपाची दोनदा हजेरी?

"अण्णा, ह्यात दोन आहेत."

दुधीच्या मुळाशी, त्या ढेकळात, दोऱ्यासारखं काहीतरी गुंतलं होतं. मला ते मूळच वाटलं होतं. भिंगातून पाहिलं तर त्या दोऱ्याला तिळाएवढी पानं होती, समोरासमोर, अगदी मापानं बसवलेली. आणि टोकाला मोहरीएवढं निळसर फूल. पाकळ्या पाच. दोनदा मोजल्या.

"हे कोणतं?" मी विचारलं.

"माहीत नाही. पुस्तकात बघते." तिनं दोन्ही पुस्तकं चाळली. सापडलं नाही. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सहलीत हे कुणालाच मिळालं नव्हतं." एवढंच. तो विषय आमच्या घरात तेवढाच निघाला.

रात्रीतून गरम इस्त्री फिरवून रोपं वाळवली, चिकटवली, आणि सोमवारी पावणेदहाला चाळीस कागद मी स्वतः कॉलेजात नेऊन दिले. सरांनी मोजले, चाळीसच भरले. नावाच्या आधाराच्या रकान्यात चोवीस ठिकाणी विजयानं लिहिलं होतं, "नीलव्वा, होटगी." सर म्हणाले, "ह्या कोण? कोणत्या कॉलेजात असतात?" मी सांगितलं, त्या रानात असतात. पुढे विजया बरी झाली, प्रॅक्टिकलला बसली आणि पास झाली.

माझं मात्र बिघडलं ते बिघडलंच. घरापासून गिरणीपर्यंतची वाट अठरा मिनिटांची. हल्ली मला अर्धा तास धरून निघावं लागतं. गटाराच्या काठाला, कुंपणाच्या मुळाशी, फाटकाच्या बिजागरीतसुद्धा कुणीतरी उगवलेलं असतं, आणि मला त्याचं नाव माहीत नसतं. फाटकावरचे लोक म्हणतात, "साहेबांचं काहीतरी पडलंय वाटतं." मागे एकदा मलाच चार मिनिटं उशीर झाला. तो मी रजिस्टरात लाल शाईनं मांडला.

एक्केचाळिसावा कागद घरी आहे, माझ्या टेबलाच्या काचेखाली. सरांना दाखवला, त्यांनाही नाव सांगता आलं नाही. या येळवशीला आम्ही दोघं तो घेऊन होटगीला जाऊ, असं विजयानं परस्पर ठरवलं आहे. मला विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यावर ठिकाण लिहिलं आहे, तारीख लिहिली आहे. नंबर घातलेला नाही.